तापीखोऱ्यातील मूळचे आणि आणलेले मासे: खानदेशातील मत्स्यगणनेचा इतिहास

एखाद्या जलाशयात मूळचे मासे कोणते आणि बाहेरून आलेले कोणते, हा प्रश्न वरकरणी प्राणिशास्त्राचा असला तरी त्याचे उत्तर शोधणाऱ्याला इतिहासाच्या कागदपत्रांकडे वळावेच लागते, कारण मोजणीचा आरंभ कोणत्या काळापासून धरायचा हे ठरवल्याखेरीज ही वर्गवारी करताच येत नाही. खानदेशात, म्हणजे आजचे जळगाव व धुळे जिल्हे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा मिळून होणाऱ्या प्रदेशात, ही अडचण विशेष तीव्र आहे. येथील माशांच्या तपशीलवार याद्या होऊ लागल्या तेव्हा नद्यांवर बंधारे जुने झाले होते, तलाव गाळाने भरू लागले होते, मोठी धरणे उभी राहिली होती किंवा राहत होती आणि दरवर्षी पाण्यात परक्या खोऱ्यांतील माशांची पिल्ले सोडण्याची प्रथा सरकारी कामकाजाचा भाग झाली होती. त्यामुळे खानदेशातील मत्स्यगणनेचा इतिहास सांगताना गणनेआधी पाण्यात काय काय घडून गेले, त्याचाच वृत्तांत अधिक विस्ताराने द्यावा लागतो.

मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. द्वीपकल्पातील गोदावरी, कृष्णा, महानदी या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असताना तापी आणि नर्मदा या दोघी पश्चिमेची वाट धरतात, आणि याच वेगळेपणामुळे त्यांच्यातील मत्स्यजीवनाबद्दल अभ्यासकांना पूर्वीपासून कुतूहल राहिले आहे. उत्तरेकडून सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या सातपुड्यातून उतरणाऱ्या आखूड, वेगवान आणि दगडगोट्यांच्या नद्या तापीला मिळतात. पूर्वेकडून पूर्णा आणि दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या काळ्या मातीच्या प्रदेशातून येणाऱ्या लांब नद्या मिळतात. पहिल्या प्रकारच्या प्रवाहात खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारे मुळ्यासारखे लहान मासे आणि स्वच्छ, खळाळत्या पाण्याची गरज असणारे म्हशीर राहू शकतात, तर दुसऱ्या प्रकारच्या मंद व गढूळ पाण्यात शिवडा, शिंगाडा, मरळ, वाम, चालट, खवली यांसारख्या माशांची वस्ती असते. खानदेशातील बहुतेक नद्यांचा प्रवाह उन्हाळ्यात तुटतो आणि पात्रात केवळ डोह उरतात. हे डोह म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी राखलेली जिवंत बेगमी असते, कारण पहिला पूर येताच डोहांतील प्रौढ मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि उथळ, नव्याने भिजलेल्या जागी अंडी घालतात. या हालचालीला मराठीत चढण म्हणतात. तापीखोऱ्यातील मूळच्या माशांचे जीवन या चढणीवर आणि त्या डोहांवर अवलंबून होते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे नंतरच्या शे-दीडशे वर्षांतील बदलांचा अर्थ लावणे सोपे जाते.

माणसाचा या माशांशी असलेला संबंध लिखित नोंदींपेक्षा पुष्कळ जुना आहे. तापीकाठच्या सावळदा या गावावरून ज्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले, तिच्या मातीच्या भांड्यांवर बाणाग्रे आणि भाले यांबरोबर मासे व मासे पकडण्याचे गळही रंगवलेले आढळतात. साक्री तालुक्यातील कवठे येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात याच संस्कृतीची मोठी वसाहत उजेडात आली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या या चित्रांवरून माशांच्या जाती ओळखता येत नाहीत, आणि तशी अपेक्षाही धरू नये. परंतु तापीखोऱ्यातील लोकांच्या जीवनात मासेमारीला चित्रात स्थान मिळण्याइतके महत्त्व होते, हे त्यांतून निश्चित कळते. पुढील काळात ही परंपरा भोई, कोळी आणि भिल्ल या समाजांनी चालवली. भोई व कोळी यांच्याकडे हाताने भिरकावून पसरवण्याचे पाग जाळे, दोघातिघांनी धरून काठाकडे ओढावयाचे ओढजाळे आणि गळाच्या दोऱ्या असत, तर सातपुड्याच्या पायथ्याशी उन्हाळी डोहांत हिंगणबेटासारख्या झाडांची फळे किंवा साल ठेचून टाकून मासे गुंगवण्याची रीत होती.

तापीखोऱ्यातील पाण्यावर माणसाचा पहिला मोठा हस्तक्षेप म्हणजे फड पद्धत होय. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर ओळीने दगडी बंधारे बांधून, प्रत्येक बंधाऱ्यातून पाट काढून, त्या पाटाखालच्या जमिनीचे फड नावाचे तुकडे पाडून, प्रत्येक फडात सर्व शेतकऱ्यांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाणीवाटपाचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्यांनी पाहावयाचे, अशी ही व्यवस्था किमान तीन शतके चालत आली. पाणीवाटपाच्या न्यायाची पद्धत म्हणून तिच्यावर विपुल लेखन झाले आहे. माशांच्या दृष्टीने मात्र तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही, आणि ही उणीव खटकण्याजोगी आहे. हे बंधारे ठेंगणे होते, पावसाळ्यात पुराचे पाणी त्यांच्या माथ्यावरून वाहत असे आणि पूर असेपर्यंत चढणीच्या माशांना वाट मिळण्याची शक्यता राहत असे. उलट पावसाळ्यानंतर बंधाऱ्यामागे साठलेले पाणी हे मानवनिर्मित डोहच ठरत असे. फडाच्या बंधाऱ्यांनी नदीची लय बिघडवली असे म्हणण्यापेक्षा त्यांनी तिच्याशी जुळवून घेतले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल, आणि नंतरच्या उंच धरणांपासून त्यांना वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यानंतर काही वर्षांतच दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी तयार झाली. तरीही खानदेशच्या पदरात तिच्यातून फारसे काही पडले नाही. मुंबई सरकारने १८२४ मध्ये सांख्यिकीच्या कामावर नेमलेले विल्यम हेन्री साइक्स हे लष्करी अधिकारी पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची माहिती गोळा करीत होते, आणि त्याच भ्रमंतीत त्यांनी दख्खनच्या माशांवरील आपला प्रबंध सिद्ध केला. या प्रबंधाचे वैशिष्ट्य असे की साइक्स यांनी नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना कोळ्याभोयांच्या तोंडची मराठी नावेच वापरली, त्यामुळे मुळ्या, बोगट, शिंगटी, खुद्री, गोगरा यांसारखे शब्द लॅटिन वळणाच्या नावांत कायमचे जाऊन बसले. परंतु त्यांचे बहुतेक मासे भीमा आणि मुळा-मुठा या कृष्णेच्या खोऱ्यातील नद्यांमधले होते. खानदेशच्या पिकांची, पाण्याची आणि लोकसंख्येची मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मत्स्यसूचीत तापी जवळजवळ अनुपस्थित असावी, याचा परिणाम दूरवर झाला: दख्खनचे मूळचे मासे म्हणून जे चित्र पुढील पिढ्यांच्या मनात बसले ते पूर्ववाहिनी नद्यांचे होते, आणि पश्चिमवाहिनी तापीचे स्वतःचे आरंभचित्र काढावयाचे राहूनच गेले.

यानंतरचा टप्पा फ्रान्सिस डे यांचा. शल्यवैद्य म्हणून भारतात आलेले डे पुढे मत्स्यव्यवसायाच्या पाहणीवर नेमले गेले, आणि त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवून, मिळालेल्या उत्तरांवरून भारत व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील मासेमारीवर १८७३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. जाळ्याची घरे किती बारीक असतात, पावसाळ्यात अंड्यांवरचे मासे मारले जातात काय, पाण्यात विष टाकतात काय, अशा व्यावहारिक बाबी त्यात होत्या. पाटबंधाऱ्यांच्या कामांमुळे चढणीच्या माशांची वाट अडते आणि म्हणून बंधाऱ्यांत माशांसाठी जागा ठेवावी, असे डे यांचे आग्रहाचे म्हणणे होते. हा आग्रह ज्या काळात धरला जात होता त्याच काळाच्या आसपास खानदेशात गिरणेवरील जामदा कालवे, पांझरेवरील कामे, मुकटी, म्हसवे आणि हरताळे येथील तलाव अशी सरकारी पाटबंधाऱ्यांची कामे नव्याने किंवा दुरुस्तीच्या रूपाने होत होती, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने पाण्यात स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली, म्हणजे डोहात फळे ठेचून टाकणारा भिल्ल कायद्याच्या कक्षेत आला. बंधाऱ्यात माशांची वाट न ठेवणारा अभियंता मात्र त्या कक्षेबाहेरच राहिला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तापीखोऱ्याकडे लक्ष वळले ते मासेमारीमुळे नव्हे, तर एका मोठ्या सैद्धांतिक प्रश्नामुळे. भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण या १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेतील मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांना असे दिसून आले की पूर्व हिमालय व मलाया येथील, वेगवान प्रवाहात राहण्यास अनुकूल झालेल्या काही माशांचे आप्त थेट सह्याद्रीत आढळतात, मधल्या विस्तीर्ण मैदानी प्रदेशात मात्र आढळत नाहीत. हे मासे पूर्वी कधीतरी विंध्य-सातपुड्याच्या डोंगररांगेवरून पश्चिमेकडे आणि तेथून सह्याद्रीवर उतरले असावेत, असे त्यांनी सुचवले. हाच सातपुडा सिद्धांत होय, आणि १९४९ साली त्यावर एक परिसंवादही झाला. पुढे भूशास्त्र आणि जनुकीय अभ्यास यांच्या आधारे या सिद्धांतावर अनेक आक्षेप घेण्यात आले. तरीही त्याने एक मौलिक गोष्ट केली, ती अशी की सातपुड्यातील ओढे आणि त्यांतले बोटभर लांबीचे मासे यांना उपखंडाच्या इतिहासात साक्षीदाराचे स्थान दिले. यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतील डोंगरी नाल्यांत जाळे टाकणाऱ्या आजच्या अभ्यासकाला बाजारात किंमत नसलेले हे मासे का नोंदवावेत असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर होरांच्या लेखनात मिळते.

दरम्यान खुद्द नदीच बदलत होती. गुजरातेत तापीवर ककरापारचा बंधारा १९५४ मध्ये आणि उकाईचे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले, आणि समुद्र व खानदेश यांच्यामध्ये एक कायमची भिंत उभी राहिली. काही मासे समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी नदीत चढतात, जसा मराठीत पाला म्हणून ओळखला जाणारा हिलसा. काही उलट नदीत वाढून अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जातात, जसा अहिर हा सापासारखा लांब मासा. अशा दोन्ही प्रकारच्या माशांना वरच्या तापीचे दार या दोन कामांनी बंद झाले. १९६९ मध्ये गिरणा धरण पूर्ण झाले, आणि १९८२ मध्ये भुसावळ तालुक्यात हतनूर येथे तापीवर ४१ दरवाजांचे धरण उभे राहिले, ज्याचे पाणी चांगदेवजवळच्या तापी-पूर्णा संगमावर पसरले आहे. पुढे तापीच्या पात्रात सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशे येथे बॅरेज झाले, म्हणजे दरवाजांनी पाणी अडवणारे बंधारे, आणि वाहती नदी साखळीने जोडलेल्या संथ जलाशयांत रूपांतरित होत गेली.

हतनूरची गोष्ट येथे थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. पूर्णा वऱ्हाडातील काळ्या मातीतून येते आणि अमाप गाळ आणते. तो गाळ संगमाच्या रुंद, उथळ भागात बसतो, त्यावर पाणवनस्पती आणि बेटे तयार होतात, आणि अशा रीतीने सिंचनासाठी बांधलेला जलाशय पाणथळ बनतो, म्हणजे जमीन व पाणी यांची सीमा ऋतूप्रमाणे हलत राहणारा उथळ, वनस्पतीयुक्त प्रदेश. स्थलांतरित पक्ष्यांमुळे हतनूर पक्षिनिरीक्षकांत प्रसिद्ध झाले आणि पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या क्षेत्रांत त्याची गणना झाली. परंतु पक्ष्यांच्या गणनेला जे सातत्य लाभले ते माशांच्या गणनेला लाभले नाही. पक्षी दुर्बिणीतून दिसतो; मासा पाहण्यासाठी तो पकडावा लागतो, आणि पकडण्याचा हक्क ज्याच्याकडे ठेका आहे त्या संस्थेचा असतो. शिवाय मासा हा शासनाच्या लेखी उत्पादन आहे, त्यामुळे त्याची नोंद जातींनुसार कमी आणि वजनानुसार अधिक होते. किती टन मासे निघाले हे कागदावर सापडते. त्या टनांत मूळच्या जाती किती होत्या, हे मात्र क्वचितच सापडते.

आणलेल्या माशांच्या इतिहासाला दोन वेगळे प्रवाह आहेत. पहिला प्रवाह परदेशी माशांचा असून त्याच्या तारखा बऱ्याच अंशी ठाऊक आहेत. डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि गॅम्बुशिया १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. हिवतापविरोधी मोहिमांतून हे दोन्ही मासे विहिरी, टाक्या आणि डबक्यांत सोडले गेले, आणि गप्पीची पैदास आरोग्य खाते आजही करते. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये आला. या जातीची मादी फलित अंडी तोंडात धरून उबवते आणि पिल्लांनाही काही काळ तोंडात आसरा देते, मासा काही महिन्यांतच प्रौढ होतो आणि वर्षातून अनेकदा प्रजनन करतो. परिणामी तळ्यात त्याची संख्या बेसुमार वाढते आणि आकार खुरटतो. हे लक्षात आल्यावर १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली, पण तोवर तो देशाच्या पाण्यात पसरला होता. भीमेवरील उजनी जलाशयात चिलापी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिलापियाने मासेमारीचे स्वरूपच बदलून टाकले, हे उदाहरण महाराष्ट्रातील प्रत्येक जलाशयाच्या अभ्यासकाने समोर ठेवावे असे आहे. सामान्य कार्प या माशाचा बँकॉकहून आणलेला वाण १९५७ मध्ये, आणि चंदेरी कार्प व गवत्या हे चिनी मासे १९५९ मध्ये ओडिशातील कटक येथे आणण्यात आले. मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात तो सामान्य कार्प तळाचा चिखल उकरून खातो, पाणी गढूळ करतो आणि चिकट अंडी पाणवनस्पतींवर घालतो. त्याला प्रजननासाठी पुराची गरज नसल्याने साठलेल्या पाण्यात तो स्वतःच्या बळावर टिकतो. गवत्या पाण्याखालची वनस्पती खातो, म्हणजे ज्या वनस्पतींवर मूळचे लहान मासे आणि हिवाळी पाणपक्षी अवलंबून असतात त्यांच्यावरच त्याची गुजराण चालते. चंदेरी कार्पचे परिणाम हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात दिसून आले. १९७१ मध्ये पुराने मत्स्यकेंद्रातून तो अपघाताने तेथे पोचला आणि काही वर्षांत त्याने कटल्याला मागे सारले. यानंतरच्या काळात पंगस आणि रूपचंद हे मासे व्यापारी मार्गाने आले, तसाच परदेशी मांगूरही आला. अत्यंत खादाड आणि हवेतून श्वास घेणाऱ्या या मांगूरच्या पालनावर बंदी असून, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करण्याचा आदेश दिल्यानंतर महाराष्ट्रातही तशी कारवाई झाली.

दुसरा प्रवाह अधिक शांतपणे वाहिला, आणि खानदेशच्या पाण्यावर त्याचा परिणाम बहुधा अधिक खोल झाला. कटला, रोहू आणि मृगल हे तीन मासे गंगा-ब्रह्मपुत्रा व सिंधू या उत्तरेकडील खोऱ्यांचे मुख्य रहिवासी. त्यांची वाढ जलद होते, चव लोकांना आवडते आणि एकाच तळ्यात कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगल तळाच्या थरात चरत असल्यामुळे तिघांना एकत्र वाढवता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांना दूरच्या प्रांतांत नेणे अवघड होते. पुढे रेल्वेमुळे बंगालच्या नद्यांतून पुराच्या वेळी गोळा केलेले मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली जिऱ्याएवढी पिल्ले, आणि त्याहून थोडे मोठे मत्स्यबीज मातीच्या हंड्यांतून लांबवर पाठवता येऊ लागले. नदीतून गोळा केलेल्या अशा बियाण्यात केवळ हवे तेच मासे नसत. त्याच पाण्यातील इतर अनेक जातींची पिल्लेही न कळत प्रवास करीत, आणि कोणत्या तळ्यात ती उतरली याची नोंद कोणी ठेवली नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी के. एच. अलिकुन्ही यांच्या सहकार्याने माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून, पुराच्या नदीविना, तळ्यातच त्यांचे प्रजनन घडवून आणले. मेंदूच्या तळाशी असलेल्या या ग्रंथीचा स्राव अंडी सोडण्याची क्रिया सुरू करतो, आणि तोच बाहेरून दिल्यामुळे नदीवरचे अवलंबन संपले. यानंतर राज्याराज्यांत मत्स्यबीज केंद्रे निघाली. १९७३-७४ पासून मत्स्यशेतकरी विकास संस्थांची योजना आली. तलाव व धरणे मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाऊ लागली आणि त्यांत बोटाएवढी वाढवलेली पिल्ले, म्हणजे बोटुकली, सोडणे हा कारभाराचा नित्याचा भाग बनला. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेपर्यंत ही रेषा अखंड येते.

या धोरणाने मासेमार कुटुंबांना उत्पन्न दिले, विशेषतः ज्यांचा नदीवरचा धंदा धरणाने मोडला त्यांना जलाशयावर काही आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. कटला, रोहू, मृगल हे खानदेशच्या बाजारातून काढून टाकावेत असे कोणी जबाबदार अभ्यासक म्हणणार नाही. परंतु कार्यालयीन भाषेत या तिघांना भारतीय प्रमुख कार्प म्हणतात आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यात त्यांची रवानगी सरळ देशी या स्तंभात होते, येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे. माशाच्या लेखी देशाची सीमा नसते. त्याची सीमा खोऱ्याची असते, आणि गंगेतून तापीत आणलेला मासा बँकॉकहून आणलेल्या माशाइतकाच तापीला अनोळखी असू शकतो. या प्रश्नाला गुंतागुंतही आहे. डे यांनी कटल्याचा प्रसार कृष्णेपर्यंत असल्याचे लिहून ठेवले आहे, त्यामुळे काही जातींच्या बाबतीत जुनी नोंद आणि नंतरचे स्थलांतर यांची सरमिसळ झालेली असते. कानस, म्हणजे काळा रोहू, याचा मूळ प्रसार तर उत्तरेत आणि द्वीपकल्पात दोन्हीकडे आहे. म्हणूनच तापीच्या यादीला दोन स्तंभ पुरेसे नाहीत. खोऱ्यातील मूळच्या जाती, भारतातील दुसऱ्या खोऱ्यातून आणलेल्या जाती, परदेशी जाती आणि ज्यांच्याबद्दल पुराव्याअभावी निर्णय राखून ठेवावा लागतो अशा जाती, असे चार स्तंभ ठेवल्याखेरीज यादी प्रामाणिक होत नाही. चौथा स्तंभ मोकळा सोडण्याची घाई करणारी सर्वेक्षणे वाचताना हीच गोष्ट सर्वांत अधिक अस्वस्थ करते.

तापीच्या माशांची संपूर्ण नदीभर पाहणी करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेने केला. करमचंदानी आणि पिसोळकर यांचा तापीच्या मासे व मासेमारीवरील अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. हतनूर अद्याप व्हावयाचे होते आणि उकाई नुकतेच झाले होते, अशा संधिकाळातील ही नोंद असल्यामुळे पुढील प्रत्येक यादीची तुलना तिच्याशी करावी लागते. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर, आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या याच विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांत, प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या धरणांच्या व तलावांच्या याद्या तयार केल्या. साधनांची तुटपुंजी उपलब्धता लक्षात घेता हे काम कौतुकास्पद आहे. त्याच्या मर्यादा मात्र पद्धतीतून उद्भवतात, आणि त्या समजून घेतल्या पाहिजेत.

अनेक याद्यांचा आधार मच्छीमारांनी बाजारासाठी काढलेले मासे हा असतो. व्यावसायिक फासजाळ्याची, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या टांगलेल्या आणि मासा कल्ल्यांशी अडकवणाऱ्या जाळ्याची, घरे मोठ्या कार्प माशांच्या अंगलटीला जुळवलेली असतात, त्यामुळे काचकीसारखे पारदर्शक लहान मासे, तळाला चिकटणाऱ्या जाती आणि वनस्पतींच्या दाटीत राहणारे मासे त्यांतून निसटतात. म्हणजे सोडलेल्या माशांची उपस्थिती फुगते आणि मूळच्या माशांची आटते. नीट पाहणीसाठी निरनिराळ्या मापांच्या घरांची फासजाळी, उथळ काठावर पाग आणि बारीक ओढजाळे, रात्रीच्या हालचालींसाठी सापळे, अशी साधने एकत्र वापरावी लागतात आणि ती पावसाळ्याआधी, पुराच्या काळात आणि हिवाळ्यात अशी तिन्ही ऋतूंत लावावी लागतात. पुराच्या काळाचे महत्त्व विशेष आहे. कटला, रोहू आणि मृगल साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत, पण पूर्णेला मोठा पूर आल्यावर संगमाच्या वरच्या अंगाला त्यांना तशी संधी मिळू शकते. ती प्रत्यक्षात मिळते काय, हे त्यांची लहान पिल्ले नदीत सापडतात की नाही यावरून ठरते, आणि त्यावरच हे मासे तापीत केवळ सोडलेले आहेत की आता वसलेले आहेत, या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. अलीकडे पाण्याच्या नमुन्यात तरंगणाऱ्या जनुकीय अंशांवरून जाती ओळखण्याचे तंत्रही उपलब्ध झाले आहे. त्यासाठी खोऱ्यातील मूळ जातींचे जनुकीय संदर्भ आधी तयार असावे लागतात, आणि ते काम अखेर हातात मासा धरूनच करावे लागते.

जाळ्याइतकेच मोलाचे दुसरे साधन म्हणजे मासेमारांची स्मृती. साइक्स यांनी भीमाकाठी हे ओळखले होते आणि कोळ्यांच्या शब्दांना शास्त्रात जागा दिली; तापीकाठी मात्र तसे काम झाले नाही. भोई आणि कोळी समाजातील वृद्ध मासेमारांना हतनूरपूर्वीचे डोह, त्यांची नावे, कोणत्या डोहात कोणता मासा उन्हाळा काढीत असे आणि कोणत्या महिन्यात तो चढत असे, हे आठवते. ही माहिती तारखांच्या बाबतीत ढोबळ असली तरी जागा आणि ऋतू यांच्या बाबतीत सहसा काटेकोर असते, कारण तिच्यावर पोट अवलंबून होते. एखादी जात यादीतून गळालेली आहे ती मुळातच नव्हती म्हणून, की आता उरली नाही म्हणून, हे सांगू शकणारा दुसरा पुरावा खानदेशात जवळजवळ नाही. १९८२ पूर्वी जाळे हाती घेतलेली पिढी आता उतारवयात आहे, त्यामुळे या नोंदी घेण्याचे काम पुढे ढकलण्याजोगे राहिलेले नाही.

शेवटचा मुद्दा नमुन्यांचा. साइक्स यांनी वर्णिलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत, केवळ वर्णने आणि चित्रे उरली आहेत, आणि याची किंमत शास्त्राला दीर्घकाळ मोजावी लागली. त्यांनी मुसुल्ला या नावाने नोंदवलेला मासा कोणता, या प्रश्नावर एकविसाव्या शतकातही वाद झाला. दीर्घकाळ त्याला म्हशीर मानण्यात आले, आणि नंतरच्या फेरतपासणीत तो वेगळ्याच प्रजातीगटातील असल्याचे मत पुढे आले. खानदेशातील अलीकडच्या याद्यांमध्ये ज्या नोंदींना जतन केलेल्या नमुन्याचा आधार नाही त्यांची अवस्था पुढे हीच होणार आहे, कारण निव्वळ नावाची फेरतपासणी करता येत नाही. पुण्यात आकुर्डी येथे भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि तेथे किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या संग्रहालयात प्रत्येक जातीचे काही नमुने, पकडल्याची जागा, तारीख, जाळ्याचा प्रकार आणि मासेमारांनी सांगितलेले नाव यांच्या चिठ्ठीसह ठेवले गेले, तर हतनूर, गिरणा, वाघूर, अनेर आणि पांझरा येथील पाहण्या एकमेकींशी ताडून पाहता येतील, आणि राखून ठेवलेल्या चौथ्या स्तंभातील एकेक नाव पुराव्यानिशी आपल्या जागी नेता येईल.